मानवाकृती मोडायला शिकायचं कुणाकडून: सूझा की तैयब मेहता?

लाइफ ड्रॉइंग (समोर बसलेल्या माणसावरून मानवाकृती रेखाटणं) बऱ्यापैकी जमू लागलं की पुढचा प्रश्न येतो: आता ही फिगर मोडायची कशी? नाकडोळे पुसून चार फटकारे मारले की चित्र अर्धअमूर्त होत नाही. तशी बिनचेहऱ्याची माणसं प्रदर्शनांतून ढिगानं दिसतात. अभ्यासाला एकच चित्रकार धरायचा असेल, तर फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि तैयब मेहता यांच्यातून निवडा. दोघंही मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटाशी नातं असलेले, पण फिगर मोडण्याची रीत अगदी उलटी.

सूझा (१९२४-२००२) गोव्यातल्या साळगावचे. त्यांची फिगर रेषेवर उभी असते. जाड काळी बाह्यरेषा, थेट कपाळावर चढवलेले डोळे, मानेवर काट्यांसारख्या रेघा. अवयव जागचा हलतो, पण अवयवच राहतो. डोळा कुठेही गेला तरी बघतो. चर्चमधल्या संतांची, क्रुसावरच्या ख्रिस्ताची वेदना या रेषेत उतरलेली आहे. अभ्यासाला शाई आणि कागद पुरतो, खोडाखोडीची सोय मात्र ठेवू नका. धोका एकच: लकबी फार पटकन हाताला चिकटतात आणि मग प्रत्येक चेहरा सूझांचाच निघतो.

तैयब मेहता (१९२५-२००९) दिसायला सोपे. सपाट रंग, बारीक रेषा, छायाप्रकाश नाही. याच सोपेपणाला विद्यार्थी फसतात. सुरुवातीला तेही सुरीनं जाड रंग थापत. १९६८ मध्ये न्यूयॉर्कला गेल्यानंतर रंग सपाट होत गेला, आणि पुढच्याच वर्षी कॅनव्हासला तिरकी छेदणारी रेघ आली. त्या रेघेनं शरीर चिरलं जातं, पण पार्श्वभूमीही चिरली जाते. मांडीची कड हीच शेजारच्या रंगक्षेत्राची कड. हात नेमका कुणाचा, कुठे संपतो, हे शोधावं लागतं. फाळणीच्या दंगलीत डोळ्यांदेखत झालेली हत्या, वांद्र्याच्या कत्तलखान्यातले बांधलेले बैल (१९७०च्या त्यांच्या लघुपटातही तो कत्तलखाना आहे) एवढं सगळं या थंड दिसणाऱ्या रंगांमागे आहे. मनासारखे न झालेले कितीतरी कॅनव्हास त्यांनी नष्ट केले. इथे शेडिंगची लपवालपवी नसते. एक रंग चुकला की आकृती कोसळते.

छापील चित्रांवरून शिकणार असाल तर सूझा बरेच हाती लागतात. तैयब पुस्तकात निम्मेही उरत नाहीत, कारण त्यांच्या चित्राचं वजन रंगक्षेत्रांच्या प्रत्यक्ष आकारात आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात दोघंही आहेत. सध्या काय मांडलंय ते आधी विचारून जा. (रेषा आणि सपाट रंग दोन्ही नकोत, छटाच हव्यात, असं असेल तर अकबर पदमसींची १९६०च्या आसपासची करडी चित्रं बघा.)

रेषा अजून भित्री असेल तर सूझा. हात तयार आहे, पण फिगर काढून झाल्यावर मागच्या जागेचं काय करायचं हेच कळत नाही, अशांनी तैयब घ्यावेत. मी बहुतेकांना तैयबच सुचवेन, कारण अडतं ते मागच्या जागेपाशीच. मात्र सुरुवात त्यांच्या महिषासुराच्या चित्रांपासून नको. तिथे दोन देहांचा गुंता आहे. खाली कोसळणारा एकटा माणूस घ्या, तीनच रंगांचे कागद कापून तो जुळवा, आणि ब्रश त्यानंतर उचला.