छत्री गच्चीवर लावायची की गॅलरीत?

फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची महिन्याचे पैसे न लागणारी उपग्रह टीव्ही सेवा, घ्यायची ठरली की नागपूरचा माणूस आधी गच्चीकडे बघतो. मीही तेच केलं. तीन मजली इमारतीत आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, वर सगळ्यांची सामायिक गच्ची. पाच वर्षं छत्री, म्हणजे डिश अँटेना, तिथे होती. गेली तीन वर्षं ती आमच्या गॅलरीच्या रेलिंगवर आहे.

उंचीचा आग्रह जुन्या दिवसांतला आहे. सेमिनरी हिल्सच्या टॉवरकडे तोंड करून ॲल्युमिनियमचा अँटेना लावायचा, तेव्हा जितका उंच तितकं चित्र स्वच्छ, हे खरंच होतं. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ मात्र जवळपास छत्तीस हजार किलोमीटरवर आहे. तिथे दोन मजल्यांनी काय फरक पडणार? छत्रीला लागतो तो मोकळा रस्ता. हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेवर असल्यामुळे नागपुरातून तो आग्नेयेला, थोडा दक्षिणेकडे झुकलेला, आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर येतो. म्हणजे बराच डोक्यावर. शिवाय छत्री बघून फसायला होतं. तिचं तोंड समोर दिसतं, पण नजर त्याहून वीस-पंचवीस अंश वर असते. समोरचं कडुनिंब आड येईल असं वाटतं, ते बहुतेक वेळा येत नाही. आड येतो तो वरच्या मजल्याचा स्लॅब.

गच्चीचं चांगलं आधी सांगतो. दिशेची चिंता नाही, आड काही येत नाही, डिशवाला अर्ध्या तासात मोकळा होतो. केबल लांब लागते, पण आरजी-६ (डिशसाठी वापरतात ती जाड केबल) चांगली घेतली तर तेवढ्या अंतरानं आमच्याकडे तरी काही बिघडलं नाही. एकच सांभाळा: स्लॅबला भोकं पाडू देऊ नका. वॉटरप्रूफिंग फुटलं की पावसाळ्यात खालच्या घरात ओल उतरते. कठड्याच्या भिंतीला क्लॅम्प लावून घ्या.

मला गच्ची सोडायला लावलं ते वेगळ्याच गोष्टीनं. गच्ची सगळ्यांची असते. उन्हाळ्यात कुरडया-सांडगे वाळत पडतात, चादरींची दोरी छत्रीच्याच पाइपला बांधली जाते. संक्रांतीला पोरं ‘ओ काट’ करत मागे मागे सरकतात आणि पाठ छत्रीला टेकते. मांजा एलएनबीच्या (छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या) दांड्याला गुंडाळलेला मी दरवर्षी काढला आहे. कोणी मुद्दाम करत नाही, कोणाला रागावण्यासारखंही नसतं. पण साठ सेंटिमीटरची छत्री दोन-तीन अंश हलली तरी चॅनल जातात.

आणि मग ती आरोळ्यांची साखळी. मी वर पाना घेऊन, मुलगा जिन्यात, बायको टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘आई म्हणते नाही आलं!’ डिजिटल चित्र जुन्यासारखं मुंग्यांतून हळूहळू उमटत नाही. येतं तर एकदम येतं, नाहीतर येतच नाही. त्यात छत्री केसभर सरकवल्यावर बॉक्सला सिग्नल पकडायला चार-पाच सेकंद लागतात. खालून ‘आलं!’ वर पोचेपर्यंत माझा हात पुढे गेलेला असायचा. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशात, कठड्याला हात लावता येत नाही अशा दुपारी हे मी दोनदा केलं. दुसऱ्या वेळी माझ्या आईच्या सातच्या बातम्या चुकल्या. ती काही बोलली नाही, पण बंद पडद्यासमोर बसून राहिली. मला ते फार लागलं.

गॅलरीत ही साखळीच नाही. दार उघडं ठेवलं की पाना हातात आणि टीव्ही समोर. या तीन वर्षांत छत्री एकदाच हलली, एप्रिलच्या वादळात. दहा मिनिटांत जागेवर आणली.

अर्थात गॅलरी सगळ्यांना जमणार नाही. तिचं तोंड आग्नेय, दक्षिण किंवा पूर्वेला हवं. वायव्येला असेल तर गच्चीच बरी. वर स्लॅब असेल तर हिशेब असा, की छत्रीची नजर एक फूट पुढे जाताना साधारण पावणेदोन फूट वर चढते. म्हणून छत्री भिंतीला नको, रेलिंगच्या बाहेरच्या अंगाला हवी. खात्री करायची सोपी युक्ती आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या काही दिवसांत आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य जवळपास उपग्रहाच्याच रेषेत येतो. तेव्हा जिथे ऊन पडतं तिथून उपग्रह दिसतो. इतर महिन्यांतलं ऊन धरू नका. मे मध्ये सूर्य फार वर असतो, डिसेंबरात फार खाली. (याच दिवसांत अकराच्या आसपास काही मिनिटं चित्र तुटतं. तो छत्रीचा दोष नाही, पाना काढू नका.)

नागपूरच्या गॅलरीत खरी अडचण कूलरची. मार्च लागला की स्टँड तिथेच येतं. आमच्याकडे आधी कूलर आणि छत्री शेजारी-शेजारी होते, आणि कूलरच्या क्षाराच्या पाण्यानं एका उन्हाळ्यात क्लॅम्पचे नट गंजले. आता कूलर एका टोकाला, छत्री दुसऱ्या. जागा अगदीच लहान असेल तर हा विचार आधी करा, कारण आपल्याकडे कूलर काही हटणार नाही. खिडकीच्या सज्जाचं मी सुचवणार नाही. तिथे हात पोचवताना तोल जातो.

मुसळधार पावसात चित्र दोन्हीकडे सारखंच जातं, तेव्हा त्यावरून ठरवू नका. कनेक्टरचं तोंड खाली ठेवा, केबलला आत येण्याआधी खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळतं. आणि छत्री एकदा जुळली की क्लॅम्पवर मार्करनं रेघ मारून ठेवा. आमची रेघ दोन वेळा पुसट झाली, दोन्ही वेळा पुन्हा मारली. त्या वादळानंतर दहा मिनिटांत काम झालं ते तिच्यामुळेच.