मागाच्या ब्रॅकेटला शेल लावायचा की सॉलिड?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सांगाडे, मोटारीचे ब्रॅकेट असले प्लेटचे जॉब एफईएला (कॉम्प्युटरवर छोटे तुकडे पाडून मजबुती तपासायला) घेतले की पहिला पेच हाच: प्लेट सॉलिड, म्हणजे जाडीसकट भरीव दाखवायची, की शेल, म्हणजे नुसता पृष्ठभाग काढून जाडी आकड्याने द्यायची. मटेरियलचे आकडे तुम्हाला पाठ असतीलच, त्यात शिरत नाही.

सॉलिडचा मोह कळतो. कॅड (कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग) उघडा, ऑटोमेश (एलिमेंट, म्हणजे छोटे तुकडे, आपोआप पाडणारं बटण) दाबा, रंगीत चित्र तयार. गोम आहे ती जाडीत. 6 मिमीची प्लेट वाकली की एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते. मध्ये 4 नोडचा (जोडबिंदूंचा) एकच टेट्रा (चार पृष्ठांचा भरीव तुकडा) असेल, तर त्याच्या आत स्ट्रेन (ताणलं-दाबलं जाण्याचं प्रमाण) सगळीकडे सारखाच राहतो. वाकणं त्याला दाखवताच येत नाही. प्लेट उगाच कडक भासते, डिफ्लेक्शन (लोडखाली किती झुकते ते) कमी येतं आणि रिपोर्ट बिनबोभाट पास होतो. म्हणून 10 नोडचे टेट्रा घ्यायचे, जाडीत निदान दोन. मग 600 × 400 च्या प्लेटला 3 मिमीचा मेश लागतो आणि एलिमेंट तीन लाखांच्या पुढे जातात. मे महिन्यातल्या सोलापुरात जुन्या पीसीला हे सोसवत नाही. शेलमध्ये तीच प्लेट 10 मिमीच्या 2,400 चौकोनांत बसते.

शेलही काही गरीब गाय नव्हे. मिडसरफेस (जाडीच्या मधोमधचा पृष्ठभाग) काढताना मेटाकुटीला येतो माणूस. 8 मिमी बेसप्लेटवर रिब (आधाराची उभी पट्टी) असेल तर तिच्याखाली 4 मिमीची फट राहते. रिब खाली ओढून नोड जोडून घ्यावे लागतात. नंतर सगळे सपोर्ट काढून मोडल (कंपनांची तपासणी) चालवा. शून्य वारंवारतेजवळचे मोड (हलण्याच्या तऱ्हा) सहाच हवेत. बारा दिसले तर एक तुकडा सुटा आहे. नॉर्मलही (शेलची वरची बाजू दाखवणारे बाण) एका दिशेला करून घ्या, नाहीतर प्रेशर उलट्या बाजूने बसतं.

तरी माझा कौल शेलकडे झुकतो, तो एका कटकटीपायी. शॉपमध्ये शेवटी प्रश्न येतोच: "साहेब, 6 ची 5 केली तर चालतंय का?" सॉलिडमध्ये कॅड बदला, मेश पुन्हा, तुटलेले कॉन्टॅक्ट पुन्हा, लोडचे फेस पुन्हा. शेलमध्ये एक आकडा बदलला की झालं. या प्लेटचं वजन 11.3 किलोवरून 9.4 वर येतं, पण वाकण्यातला कडकपणा जाडीच्या घनाने घटतो, त्यामुळे त्याच लोडला डिफ्लेक्शन 1.73 पट होतं. मालकाला हा एवढाच हिशोब हवा असतो.

बिडाचं कास्टिंग, कॅमशाफ्ट, किंवा जाडी रुंदीच्या एक-दशांशाहून जास्त असलेला जॉब असेल तर शेलचा हट्ट नको, तिथे सॉलिडच बरा.

वेल्डच्या कोपऱ्यातला लाल ठिपका (सगळ्यात जास्त स्ट्रेसची जागा) मात्र दोन्हीकडे फसवा. मेश बारीक कराल तसा तो आकडा चढतच जातो. 6 मिमी प्लेटला वेल्डच्या कडेपासून 2.4 आणि 6 मिमीवरचे स्ट्रेस वाचा आणि सरळ रेषेने कडेपर्यंत न्या. तेवढ्या पट्ट्यात मेश 2.4 मिमीपेक्षा मोठा ठेवू नका.