आडव्या बोअरला लागलेलं पाणी कुठलं, ते आधी बघा

मार्च उलटला की आमच्या पुरंदर तालुक्यात विहिरींची कामं निघतात. पाणी तळाला जातं, गाळ उघडा पडतो आणि यारीने गाळ उपसणारे यारीवाले आणि विहिरीच्या आतून भिंतीत आडवी भोकं पाडणारे आडव्या बोअरवाले गावोगाव फिरू लागतात. त्यातले बरेच जण घामाचाच पैसा घेतात. आमच्याकडे आलेली टोळी तशी नव्हती. त्यांनी 47,400 रुपये नेले आणि वर पिण्याच्या पाण्याची विहीर नासवून गेले. घरची विहीर असलेल्या कुणावर ही पाळी येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमची विहीर घरामागे आहे. व्यास 16 फूट, खोली सात परस (एक परस म्हणजे साधारण सहा फूट). वरचं 12 फूट दगडी बांधकाम, त्याखाली साधारण 10 फूट मुरूम आणि मग काळा पाषाण. पावसाळ्यात मुरूम आणि पाषाणाच्या सांध्यातून चोहोबाजूंनी पाणी गळतं. दिवाळीनंतर तो सांधा हळूहळू सुकतो. मे महिन्यात तळाजवळची एकच भेग झिरपत राहते, आणि तेवढ्यावर आम्ही पाऊस येईपर्यंत काढतो. शासनाची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा मोजते. आमचे सासरे, अण्णा, त्याच महिन्यांत दोरीला दगड बांधून आपल्या विहिरीचं माप घेतात आणि आकडा गोठ्याच्या दारामागे खडूने लिहून ठेवतात. ही लबाडी पुढे त्या आकड्यांमुळेच उघडी पडली.

आधी गाळाचं सांगते. दर ब्रासवर ठरला होता. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. 16 फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट गाळ म्हणजे जवळपास 2 ब्रास. कठड्यापासून गाळापर्यंत आधी 41 फूट दोरी जात होती, उपसल्यावर 44 फूट गेली. म्हणजे निघाला 3 फूट गाळ, 6 ब्रास. बिलात लावले 14. त्यांनी विहीर मोजलीच नाही, बाहेरचा ढीग मोजला. ढीग खाली पसरट आणि वर निमुळता असतो. त्यांनी तळाची लांबी, तळाची रुंदी आणि शेंड्याची उंची घेऊन गुणाकार केला, जणू काही ती चौकोनी पेटीच आहे. अण्णांनी हटकलं, तर मुकादम म्हणाला, “अण्णा, गाळ बाहेर आला की फुगतो.” फुगतो हे खरं, पण सहाचे चौदा होत नाहीत.

खरा घात आडव्या बोअरने केला. चार बोअर, प्रत्येकी 60 फूट, दर पाषाणातल्या बोअरचा. आमची अपेक्षा होती की मशीन तळाजवळ उतरवून जिवंत भेगेच्या आजूबाजूला बोअर घेतील. त्यांनी बांधकामाच्या खाली, मुरमातच पहार रोवून फळी टाकली आणि तिथूनच बोअर मारले. मुरूम मऊ, मशीन भराभर चालतं, बिट झिजत नाही आणि दर मात्र पाषाणाचा. “वरून घेतलं की पाणी आपोआप खाली उतरतं, ताई,” असं मला समजावलं गेलं.

तिसऱ्या बोअरला पाणी लागलं. करंगळीएवढी धार भिंतीवरून खाली येत होती. शेजारपाजारचे बघायला आले, मुकादमाने नारळ फोडायला लावला. त्या गडबडीत राहिलेले पैसे मागून घेतले आणि संध्याकाळच्या आत यारी ट्रॅक्टरला जोडून गेलेही. धारेखालच्या कपारीत पांढरट फेस साचत होता. मी बोट लावून पाहिलं तर बुळबुळीत लागला. “बोअरची भुकटी आहे, दोन दिवसांत जाईल,” असं ते जाता जाता सांगून गेले होते.

तो फेस साबणाचा होता. त्या बाजूला आमच्या न्हाणीचा शोषखड्डा आहे, विहिरीपासून 60 फुटांवर. पिण्याच्या विहिरीपासून असा खड्डा निदान 15 मीटर, म्हणजे 50 फूट लांब हवा. म्हणून अण्णांनी तो तिथे मोजून घेतला होता. बोअर त्याच दिशेने 35 फूट आत गेला आणि मधला गाळण करणारा मुरूम उरला फक्त 25 फुटांचा. मे महिन्यात जी भिंत दरवर्षी खडखडीत कोरडी असते, तिथे 20 फुटांवर झरा फुटणं शक्यच नव्हतं. गोठ्याच्या दारामागचे इतक्या वर्षांचे आकडे तेच सांगत होते.

बोअरची लांबी आम्ही पुढे वायरिंगचे प्लास्टिक पाइप जोडून, ते आत सरकवून मोजली. एक 35 फूट, दोन विशीच्या आसपास आणि एक तर 9 फुटांवरच संपलेला. फोन उचलला तेव्हा उत्तर आलं, “मुरूम ढासळला असेल.” पण पाइपाच्या टोकाला ठणठणीत दगड वाजत होता, ढासळलेल्या मातीत पाइप असा वाजत नाही. त्यानंतर फोन बंद.

जुलैत पाण्याला वास यायला लागला. ब्लीचिंग पावडर टाकली की तासाभरात तिचा असर संपायचा, कारण घाण पाणी सतत येत होतं आणि क्लोरीन त्यातच खर्ची पडत होतं. आरोग्य उपकेंद्रातून पाणी तपासणीची बाटली आणली, तिच्यात पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीतलं पाणी शाईसारखं काळं. जंतुदूषित पाण्याची ती खूण. तोवर धाकट्याला जुलाब होऊन सलाईन लागलं होतं. या एका गोष्टीचा राग माझ्या मनातून जात नाही.

तक्रार करायला गेलो तर हातात होता नुसता वहीचा कागद. त्यावर ना नाव, ना पत्ता, ना सही. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे, पण तक्रार कुणाविरुद्ध ते तर सांगता आलं पाहिजे. म्हणून कामाआधी मुकादमाच्या आधार कार्डाची प्रत आणि ट्रॅक्टरचा नंबर घ्या, पावतीवर दर, माप आणि बोअर कुठे घ्यायचा ते लिहून घ्या. गाळ ढिगावर मोजू देऊ नका, आधी आणि नंतर दोरी सोडा. बोअरचा रॉड आत जाण्याआधी एका रॉडची लांबी टेपने मोजा आणि किती रॉड गेले ते घरच्या माणसाने कठड्यावर बसून मोजावं. संडास, शोषखड्डा, गोठा, उकिरडा ज्या बाजूला असेल तिकडे तोंड करून बोअर घेऊच देऊ नका, मग मुकादम काहीही सांगो. आणि ऐन मे महिन्यात वरच्या कोरड्या भिंतीतून पाणी आलं, तर नारळ फोडण्याआधी ते बाटलीत भरून तपासायला द्या.

आमचे चारही बोअर आता सिमेंट काँक्रीटने बुजवले आहेत आणि शोषखड्डा घराच्या पलीकडच्या अंगाला हलवला आहे. पावसाळा संपल्यावर पूर्ण उपसा करून क्लोरीन टाकलं. त्यानंतरची बाटली काळी झाली नाही, तरी पाणी अजून उकळूनच पितो. बोअर बुजवण्याचं काम सासवडकडच्या एका यारीवाल्याने केलं. तिसरा हिस्सा पैसे पुढच्या पावसानंतर, भिंत गळत नाही हे बघून द्यायचे, हे त्याने आढेवेढे न घेता मान्य केलं आणि कागदावर सही करून दिली.