लग्नासाठी घेतलेली लाकडी चौकट, आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लग्न झालं, आता जून संपत आलाय आणि चौकट अजून बागेत उभी आहे, म्हणजे लिहायला हरकत नाही. लग्न माझं नव्हतं, माझ्या मैत्रिणीचं होतं. पाहुणे मोजून अठ्ठावीस आणि सगळं उघड्यावर. ती मेक्सिकन कॅथलिक घरातली, तो ज्यू. त्याला हुप्पा हवा होता, म्हणजे चार खांब, वर कापड आणि चारही बाजू उघड्या. हिला लाझो हवा होता, म्हणजे नवरानवरीच्या खांद्यांवरून आठच्या आकड्यासारखी दोरी किंवा माळ घालतात तो. चौकट घ्यायचं काम माझ्याकडे आलं कारण नंतर ती माझ्याच बागेत राहणार होती.

तारीख ठरवतानाच खूप डोकं लागलं. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्यात रोश हशाना, योम किप्पुर, सुक्कोत असे सण एकामागोमाग येतात, तेव्हा लग्न कुठे बसवणार. पुढच्या हेश्वान महिन्यात सणच नाहीत म्हणून तो धरला, आणि शनिवार शब्बातचा, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीचा, म्हणून रविवार. त्याच पहाटे घड्याळं एक तास मागे जाणार होती हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. नवरीची मावशी जुन्या वेळेने तासभर आधी हजर. बरंच झालं, तिने आमच्याबरोबर पालापाचोळा झाडला. पण संध्याकाळ लवकर झाली ती झालीच, मी सोलर दिवे लावले होते आणि ढगाळ दिवसांत त्यांचं चार्जिंगच झालेलं नव्हतं. पानगळीत सोलरवर अवलंबून राहू नका.

आता मुद्दा, साइज. वेबसाइटवर फोटोत दोन माणसं उभी दिसतात आणि १.८ मीटर पुरेसं वाटतं. मी २.४ मीटरची घेतली आणि तीही जेमतेम पुरली कारण तिथे नुसतं उभं राहायचं नसतं ना! आधी एकमेकांभोवती फेऱ्या, सात, तिने तीन, त्याने तीन आणि शेवटची दोघांनी मिळून, लांब झग्यात. मग लाझो घालायला दोघं जण आत येतात, एक डावीकडून एक उजवीकडून, शिवाय लग्न लावणारी मैत्रीण माईक घेऊन उभी. १.८ घेतली असती तर कुणाचं तरी कोपर कुणाच्या तरी डोळ्यात गेलं असतं. मोठ्या साइजची किंमत आम्ही वेगळ्या ठिकाणी मोजली. वरचं कापड म्हणजे आजोबांचा तालित, त्यांची प्रार्थनेची शाल, तो कोपऱ्यांपर्यंत पोचेना. चारही टोकांना रिबन जोडून ओढून बांधला तरी मधे झोळ पडला आणि नवरा उंच, त्याच्या डोक्याला तो सारखा लागत होता, फोटोत छान दिसतंय म्हणे.

वाऱ्याचं मात्र गंभीरपणे घ्या. समारंभाच्या अर्धा तास आधी एक झोत आला आणि त्या शालीचं शीड झालं, चौकट एका बाजूला सरकली. किटमध्ये जमिनीत ठोकायचे खिळे होते, पण माती ओली, ते नुसते हलत होते. शेवटी वीस लिटरचे पाण्याचे कॅन प्रत्येक खांबाला एक असे बांधले आणि वर गोणपाट गुंडाळलं. त्यानंतर हलली नाही.

बाकी गंमत सांगते. ज्यू लग्नात नवऱ्याने काच फोडायची असते ना पायाने, ती ओल्या गवतात फुटेचना! पहिल्या दणक्यात ग्लास रुमालासकट जमिनीत रुतला. कुणीतरी फरशीचा तुकडा आणला, तेव्हा कुठे फुटला आणि मझल तोवचा, म्हणजे अभिनंदनाचा, ओरडा झाला. आणि आर्रासची तेरा नाणी, नवरा नवरीच्या ओंजळीत ओततो ती, त्यातलं एक निसटून पाचोळ्यात गेलं. मार्चमध्ये वाफा उकरताना सापडलं, परत दिलंय. खाली सतरंजी घाला एवढंच सांगेन.

वस्तू म्हणून सांगायचं तर लाकूड सीडरचं, बिनरंगी. पहिल्या दोन महिन्यांत लाकूड पाणी पिऊन फुगलं, मग सुकल्यावर सगळे नट ढिले पडले, एप्रिलमध्ये पाना घेऊन सगळे परत आवळले. बोल्टच्या भोवती काळे डाग आलेत, लाकडातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की असं होतं, स्टेनलेसचे असते तर आले नसते. एवढ्या किमतीत कंपनीने ते द्यायला हवे होते, यासाठी एक स्टार कापलाय. खांबांची खालची कापलेली टोकं पाणी ओढतात. माझ्या एका खांबाला चीर गेली, मग बाकी तिघांखाली रबराचे तुकडे सरकवले. रंग करडा झालाय, मला आवडतो.

मार्चमध्ये एका खांबाशी क्लेमॅटिसचा वेल लावला, तो आता आडव्या दांडीपर्यंत पोचलाय. आणि गेल्याच आठवड्यात नवऱ्याच्या आईचा फोन, सुक्कोतच्या सणात बांधतात त्या झोपडीसाठी चौकट देशील का म्हणून. मी म्हटलं या घेऊन, वेल आहेच, छप्पर आयतंच होईल. तर म्हणाल्या चालत नाही, छप्पर कापलेल्या फांद्यांचंच लागतं, मुळासकट उभा वेल धरत नाहीत. म्हणजे वेल उतरवावा लागणार. सप्टेंबरपर्यंत त्याला भिंतीवर तारा लावून वळवता येतो का बघते, तोवर त्या चिरलेल्या खांबाला मेटलचा पट्टा मारायचाय, तशीच देणं बरं नाही.