एनर्जी पॉलिटिक्सचा ऑनलाइन कोर्स: तेल आणि गॅस एकदम भारी, पुढचं सगळं घाईघाईत

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या थिअरीज ऊर्जेच्या राजकारणाकडे कसं बघतात यावरचा एक ऑनलाइन कोर्स नुकताच संपवला, नाव लिहीत नाही कारण तक्रारी पण करायच्यात.

सुरुवात 1973 च्या तेलबंदीपासून. अरब देशांनी तेल अडवलं आणि बॅरलचा भाव 3 डॉलरवरून काही महिन्यांत 12 च्या आसपास गेला. रिअलिझमवाले (देश सत्तेसाठीच झगडतात असं मानणारे) म्हणणार बघा, ज्याच्या हातात नळ त्याची सत्ता. मला वाटलं आता शेवटपर्यंत हेच दळण. पण सरांनी तिथेच विचारलं, बंदी मुख्यतः अमेरिका आणि नेदरलँड्सवर होती ना, मग टंचाई सगळ्यांनाच साधारण सारखी का जाणवली? तर तेल कंपन्यांनी टँकर फिरवले, अरब तेल दुसरीकडे आणि बाकीचं तेल इकडे. फक्त देश आणि सैन्य मोजणाऱ्या रिअलिझमला या कंपन्या दिसतच नाहीत! हा एक तास दोनदा बघितला.

लिबरल बाजूला (संस्था आणि व्यापारामुळे देश सहकार्य करतात असं मानणारे) 1974 ची इंटरनॅशनल एनर्जी एजन्सी, मेंबर देशांनी 90 दिवसांच्या निव्वळ आयातीएवढा साठा ठेवायचा म्हणजे संकटात एकमेकांवर चढाओढ करून भाव वाढवायला नको. ठीक आहे, हे कुठेही वाचायला मिळतं. खरी मजा गॅसमध्ये आहे, कारण टँकरला वळवता येतं, पाइपलाइनला नाही, विकणारा आणि घेणारा दोघेही त्याच नळीला बांधलेले. लिबरल म्हणायचे एवढं गुंतल्यावर भांडण परवडणारच नाही. 2021 मध्ये युरोपियन युनियनच्या गॅस आयातीत रशियाचा वाटा जवळपास 45 टक्के होता आणि पुढच्याच वर्षी युद्ध. कोर्स इथे लिबरलांना सरळ नापास करतो, ते मला नाही पटलं, कारण परस्परावलंबन दोन्हीकडे सारखं नसतं आणि ज्याला कमी गरज तो दुसऱ्याला दाबतो हे त्यांच्यातलेच लोक 1970 च्या दशकापासून सांगतायत.

कन्स्ट्रक्टिव्हिझमला (धोका, हित या गोष्टी समाजाच्या कल्पनांतून घडतात असं मानणारी थिअरी) जेमतेम 20 मिनिटं, खूप राग आला. जर्मनीने एप्रिल 2023 मध्ये शेवटच्या अणुभट्ट्या बंद केल्या आणि शेजारच्या फ्रान्सची साधारण दोन तृतीयांश वीज अणुऊर्जेची, तंत्रज्ञान तेच, बाजार तोच, मग धोका कशाला म्हणायचं हे कोण ठरवतं? एवढा सोन्यासारखा प्रश्न आणि पुढची स्लाइड! इराणचं 1951 चं तेल राष्ट्रीयीकरण आणि 1953 चा सत्तापालट तर एका ओळीत, मार्क्सवादी मांडणी (बलाढ्य देश आणि भांडवल दुबळ्या देशांची साधनसंपत्ती ओरबाडतात ही) त्यातच उरकली.

शेवटचा भाग सोलरवर, सूर्य सगळ्यांचा म्हणून भांडणं संपणार टाइप. अरे पण पॅनेल बनवण्याच्या साखळीत 80 टक्क्यांवर वाटा चीनचा आहे ना. हां, एक फरक मात्र आहे जो कोर्सने सांगायला हवा होता, तेल थांबलं की गाडी थांबते, पॅनेलचा पुरवठा थांबला तरी बसवलेली पॅनेल वीज देतच राहतात, म्हणजे 1973 चं हत्यार जसंच्या तसं इथे चालणार नाही.

आणि क्विझ, देवा! ऊर्जा सुरक्षा म्हणजे 'स्वस्त आणि अखंड पुरवठा' हे एकच उत्तर बरोबर. तेल विकणाऱ्या देशाला कायम गिऱ्हाईक मिळणं हीच सुरक्षा वाटते, असं त्यांनीच दुसऱ्या आठवड्यात शिकवलंय, मी तो पर्याय टिक केला आणि मार्क कापले.