ग्रेडेड कार्डं आणि रत्नागिरीची दमट हवा: ड्राय कॅबिनेट व भिंतीवरची फ्रेम वापरल्यानंतर

गेल्या वर्षी आगोटीच्या सामानाबरोबरच घरात दोन वस्तू आल्या. एक म्हणजे कॅमेरावाले लेन्स ठेवायला वापरतात तसलं, आतली हवा कोरडी ठेवणारं 30 लिटरचं ड्राय कॅबिनेट. दुसरी, नऊ स्लॅब (ग्रेडिंग कंपनी कार्ड तपासून, गुण देऊन ज्यात बंद करते ती कडक प्लॅस्टिकची पेटी) मावतील अशी अ‍ॅक्रिलिकची भिंतीवरची फ्रेम. आख्खा पावसाळा, मग थंडी आणि आता उन्हाळा, सगळं बघून झालं, तेव्हा सविस्तर लिहिते. घाईत असणाऱ्यांसाठी आधीच सांगून टाकते: कॅबिनेट डोळे झाकून घ्या. फ्रेमही चांगली आहे, पण समुद्रकाठी राहत असाल तर जून ते ऑक्टोबर ती रिकामीच राहू दे.

माझ्याकडे नव्वदच्या दशकातली फ्युटेरा कंपनीची क्रिकेट कार्डं आहेत आणि पोकेमॉनची होलो (चमकत्या फॉइलची) कार्डं, त्यातली बरीच भाच्याच्या नादाने जमलेली. बहुतेक पीएसए या ग्रेडिंग कंपनीच्या स्लॅबमध्ये, थोडी बेकेट या दुसऱ्या कंपनीच्या. आपल्याकडून कार्ड ग्रेडिंगला पाठवायचं म्हणजे अमेरिकेपर्यंतचा प्रवास, मग लांबलचक वाट बघणं, परत येताना कस्टम्सची धाकधूक. एवढं करून दहापैकी दहाचा शिक्का घेऊन आलेलं कार्ड मिऱ्याच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यावर सोडून द्यायला माझं मन होत नाही.

"स्लॅबमध्ये आहे ना, मग काय होतंय त्याला?" असं बरेच जण म्हणतात. होतं. स्लॅबचे दोन भाग अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने कडेला जोडलेले असतात. कोणी उघडून आतलं कार्ड बदललं तर ते कळावं, यासाठी ती जोडणी. हवा अडवणं हे तिचं काम नाही, बाहेरची ओल सावकाश आत शिरतेच. होलो कार्डात एका बाजूला फॉइल आणि मागे कागद. कागद ओल पिऊन फुगतो, फॉइल फुगत नाही, आणि कार्डाला बाक येतो. जुलैत मी एक कमी किमतीचा स्लॅब मुद्दाम साध्या कपाटात ठेवला आणि काही दिवसांनी बॅटरीच्या उजेडात आडवा धरून बघितला. कार्डाचा मध्य मागच्या प्लॅस्टिकला टेकला होता, कडा पुढे आल्या होत्या, आणि उजेडाची रेघ फॉइलवर सरळ न पडता मध्येच वाकत होती. तोच स्लॅब नंतर कॅबिनेटमध्ये हलवला. बाक बराच उतरला, पण पुरता गेला नाही.

आता कॅबिनेटबद्दल. ही दोन जातींची मिळतात. एकात थंड पट्टीवर हवेतली ओल धरून ती बाहेर काढतात. दुसऱ्यात ओल शोषणारं द्रव्य असतं आणि ते भरलं की छोटा हीटर ते तापवून ओल पाठीमागून बाहेर सोडतो. माझं दुसऱ्या जातीचं आहे आणि आपल्याकडे तेच घ्यावं असं माझं मत आहे, कारण पावसाळ्यात लाइट जातेच आणि हे द्रव्य विजेशिवायही ओल शोषत राहतं. ऑगस्टमधल्या एका वादळी रात्री गेलेली लाइट दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर आतल्या आर्द्रतेचा आकडा 48 टक्क्यांवरून 52 वर गेला होता, एवढंच. दाराचं रबरी सील घट्ट असेल आणि आपण मध्ये मध्ये उघडून बघत बसलो नाही, तर काळजी नाही. विजेच्या बिलात फरक जाणवत नाही.

दारावर दिसणाऱ्या आकड्यावर मात्र विसंबू नका. आत वेगळा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) ठेवा, आणि तोही आधी मिठाने तपासून घ्या. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्यायचं, त्यावर थेंब थेंब पाणी सोडायचं. मीठ ओलं व्हायला हवं, विरघळायला नको. बूच आणि मीटर घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर बंद ठेवायचे. आतली आर्द्रता 75 टक्क्यांवर येऊन थांबते. सकाळी मीटर 79 दाखवत असेल तर पुढे कायम चार वजा करून वाचायचं. या हिशोबाने पाहिलं तेव्हा माझ्या कॅबिनेटचा 45 म्हणजे प्रत्यक्षात 49 निघाला. मला 45 ते 50 च्या मधलं हवं होतं, त्यामुळे सेटिंग तसंच ठेवलं. उगाच फार कोरडं करू नये. 30 च्या खाली नेलं तर कागद आक्रसतो आणि बाक उलट्या बाजूला येतो.

तक्रारीही आहेत. लेन्ससाठी दिलेला फोम मी काढून टाकला, कार्डांना त्याचा उपयोग नाही. पीएसएचा स्लॅब सुमारे 13.5 सेंमी उंच असतो, त्यामुळे उभा ठेवायचा तर फळ्यांमधलं अंतर घेण्याआधी मोजा. काच साधी आहे, ऊन अडवत नाही. आमचं कॅबिनेट माजघरात आतल्या भिंतीला आहे. पश्चिमेची चिऱ्याची भिंत पावसाळाभर ओल धरते, तिला टेकून काहीच ठेवायचं नाही.

फ्रेम दिसायला सुरेख, यात वाद नाही. आलेला माणूस आधी तिच्यापाशी थबकतो. पण खाचा पीएसएच्या मापाच्या आहेत, बेकेटचे जाड स्लॅब बसत नाहीत. झाकण चुंबकाने बसतं आणि आमच्या हवेत गणपतीपर्यंत त्या चुंबकांच्या कडांना तांबूस गंज धरला, एकाचा डाग अ‍ॅक्रिलिकवर उतरला. सोबत आलेले स्क्रूही तसलेच, ते काढून 316 ग्रेडच्या स्टेनलेसचे लावले. विक्रेत्याकडे चुंबकाबद्दल विचारलं, उत्तर आलं नाही. अ‍ॅक्रिलिक काही प्रमाणात अतिनील किरण अडवतं हे खरं, पण रंग नुसत्या उजेडानेही उडतात. म्हणून फ्रेम खिडकीच्या समोर नाही, आणि सही असलेलं कार्ड तिच्यात कधीच नाही, शाई फार लवकर फिकी पडते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की कार्डं भिंतीवर चढतात आणि महिन्याने बदलतात. कोणती लावायची हे भाचा ठरवतो. "मावशी, आता चारिझार्डला सुट्टी, दुसऱ्यांना चान्स दे," म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. कोणतंच कार्ड सलग उजेडात राहू नये.

खाऱ्या वाऱ्याने स्लॅबवर चिकट थर बसतो. तो कोरड्या फडक्याने घासू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं मऊ कापड कडांचे सांधे सोडून फिरवायचं, मग कोरडं मायक्रोफायबर. फ्रेमच्या अ‍ॅक्रिलिकला स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावू नका, बारीक तडे जातात.

कॅबिनेट मला सात-आठ हजारांच्या घरात पडलं. दहा-पंधराच स्लॅब असतील तर एवढा खर्च नको. सिलिकॉनच्या रिंगचा, चारी बाजूंनी लॉक होणारा स्वयंपाकघरातला डबा घ्या, त्यात सिलिका जेलची पिशवी आणि एक छोटा मीटर. जेल नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतात. डब्यात डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं. स्लॅबवर चढवायच्या पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या बघून घ्या, मऊ पीव्हीसीच्या नकोत. आणि सगळं मृगाआधी भरून बंद करा, म्हणजे पावसाळी हवा डब्यात कोंडली जाणार नाही.