तीन नव्या फौजदारी कायद्यांचं एकत्र बेअर ॲक्ट: घ्यावं का, आणि घेताना काय बघावं

बेअर ॲक्ट म्हणजे टीकाटिप्पणीशिवाय कायद्याचा नुसता मूळ मजकूर असलेलं पुस्तक. ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांना आधीच सांगते, घ्या, माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. पण तिन्ही कायदे एकाच पुस्तकात असलेली आवृत्ती घ्या, नुसती न्याय संहिता सुटी घेऊ नका. प्रकाशकाचं नाव टाकत नाहीये कारण बाजारात सात-आठ जणांच्या आवृत्त्या आहेत आणि खालचं सगळं कुठलीही घेतली तरी उपयोगी पडेल.

मी तालुका कोर्टात प्रॅक्टिस करते, बरीचशी फौजदारी. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता (जुन्या आयपीसीच्या, म्हणजे दंड संहितेच्या जागी), भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी) आणि भारतीय साक्ष्य अधिनियम (जुन्या पुरावा कायद्याच्या जागी) लागू झाले आणि आमच्याकडे सगळ्यांचीच तारांबळ उडाली, कारण ३०२, ४२०, ३०७ हे आकडे सिनियर लोकांच्या तोंडात तीस-तीस वर्षं बसलेले, आता खून १०३, फसवणूक ३१८(४), खुनाचा प्रयत्न १०९. अटकपूर्व जामीन ४३८ चा ४८२ झाला, आणि गंमत बघा, जुन्या सीआरपीसीत ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, ते आता ५२८ ला गेलेत, म्हणजे नुसतं "४८२ टाकलंय" म्हटलं की समोरचा विचारतो जुनं का नवं. त्यामुळे पुस्तकाच्या शेवटी असलेला तुलनात्मक तक्ता हाच माझ्यासाठी पहिला मुद्दा. माझ्या आवृत्तीत तो दोन्ही बाजूंनी आहे, जुन्यावरून नवं आणि नव्यावरून जुनं. स्वस्तातल्या काही पुस्तकांत एकाच बाजूनं असतो, मग उलटं शोधताना फार वेळ जातो, तेही तारखेच्या दिवशी.

कुणाला वाटेल की आता नवं आलंय तर जुनं कशाला बघायचं. बघावंच लागतं. घटनेचं कलम २०(१) सांगतं की कृत्य घडलं तेव्हा जो कायदा अंमलात होता त्याचा भंग झाला असेल तरच दोषी ठरवता येतं आणि तेव्हा होती त्यापेक्षा जास्त शिक्षाही देता येत नाही, म्हणून ३० जून २०२४ च्या रात्री झालेली मारामारी आयपीसीतच चालणार, आणि न्याय संहितेचं शेवटचं ३५८ वं कलम हेच जपून ठेवतं. म्हणजे अजून कित्येक वर्षं दोन्ही कायदे शेजारी शेजारी चालणार आहेत. पक्षकारांना हे समजावून सांगताना मी पुस्तक उघडून त्यांच्यासमोर ठेवते, कारण कलम आपल्या डोळ्यांनी वाचलं की माणूस जरा शांत होतो, वकील काहीतरी गोलगोल सांगतोय असं त्याला वाटत नाही.

आता एकत्रच घ्या असं का म्हणतेय ते. चोरीचं उदाहरण घ्या. न्याय संहितेचं कलम ३०३(२), शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड किंवा दोन्ही. त्याखाली एक परंतुक, म्हणजे 'परंतु' म्हणून जोडलेला अपवाद, आहे, माल पाच हजारापेक्षा कमी किमतीचा असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर शिक्षा म्हणून समाजसेवा. वाचायला चांगलं वाटतं आणि मला ही तरतूद मनापासून आवडते, पोटासाठी काहीतरी उचललेल्या पोराला तुरुंगात टाकून कुणाचं भलं होत नाही. पण तेवढंच वाचून थांबलात तर अर्धीच गोष्ट कळली. पोलिसांना वॉरंटशिवाय पकडता येतं का, जामीनपात्र आहे का, कुठल्या कोर्टात चालणार, हे न्याय संहितेत नाहीच, ते नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिथे बघितलं तर हीच पाच हजाराच्या आतली चोरी अदखलपात्र (वॉरंटशिवाय अटक नाही) आणि जामीनपात्र म्हणून लिहिलीय. म्हणजे कुणाचा साधा मोबाइल गेला की ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, होणार आणि त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. गरिबाच्या तीन हजाराच्या फोनचा तपासच होत नाही आणि हे कुणी पोलीस वाईट आहे म्हणून नाही, कायद्यातल्या तक्त्यातच तसं छापलंय म्हणून. मला हे फार लागतं, कारण त्या फोनवरच त्याचं काम येत असतं, आणि सुटी न्याय संहिता घेणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

दुकानात उघडून बघायचं पान म्हणजे न्याय संहितेचं कलम १०६. पोटकलम (२) मध्ये बेदरकारपणे गाडी चालवून माणूस मेला आणि ड्रायव्हर लगेच पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिलीय. जानेवारी २०२४ मध्ये ट्रक ड्रायव्हरांचा संप झाला तो यावरूनच. नंतर कायदे लागू करताना हेच एक पोटकलम केंद्रानं बाजूला ठेवलं. तेव्हा पानाखाली तशी टीप आहे का बघा, नसेल तर ते पुस्तक घाईघाईत छापलंय असं समजा आणि ठेवून द्या. अमलात नसलेलं कलम चालू असल्यासारखं वापरलं गेलं की काय होतं हे आपण आयटी ॲक्टच्या ६६अ मध्ये (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं कलम) बघितलंय, सुप्रीम कोर्टानं २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द केलं तरी २०२१ पर्यंत देशात त्याखाली गुन्हे नोंदवले जात होते आणि कोर्टानं त्यावर धक्का व्यक्त केला होता.

बाकी पटकन सांगते. छपाई बरी, कागद पातळ, मागचा मजकूर थोडा दिसतो. बांधणी शिलाईची आहे त्यामुळे सुटत नाही. मराठी आणि इंग्रजी समोरासमोर आहे, हे भारी, कारण खालच्या कोर्टात कामकाज मराठीत आणि अर्थावरून वाद झाला की इंग्रजी मजकूर काढावा लागतो. एक स्टार कापला तो अनुसूचीच्या अक्षरांसाठी, सगळ्यात जास्त लागणारा भाग आणि तोच सगळ्यात बारीक छापलाय, चाळिशीपुढच्या माणसानं वाचायचं कसं? शिवाय महाराष्ट्राचे स्वतःचे कायदे, मकोका १९९९ आणि जादूटोणाविरोधी २०१३ चा, यात नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतात.

फोनवर एनसीआरबीचं (केंद्राचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) 'संकलन' नावाचं ॲप फुकट आहे, जुनं-नवं कलम जुळवायला झकास. मी दोन्ही वापरते, पण परंतुक, स्पष्टीकरण आणि उदाहरण एका नजरेत दिसायला कागदच बरा.

वकील नसलात तरी घ्या म्हणेन, विशेषतः सरपंच, पोलीस पाटील, बचत गटाच्या ताया. नागरिक सुरक्षा संहितेचं १७३ एवढं एक कलम जरी नीट वाचलंत तरी कळेल की दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी पोलिसांनी तक्रार घ्यायची आहे, ऑनलाइन दिली तर तक्रारदारानं तीन दिवसांत सही करायची आहे, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळायची आहे. ती मागताना कलमाचा नंबर सांगा, आणि पुस्तक हातात असेल तर पान दाखवा.